दारी झुलणारा हत्ती

एखाद्याच्या ऐश्वर्याचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे ‘त्याच्या दारी हत्ती झुलतात’ असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ह्या म्हणण्यात हत्ती चालत नाही, ओझे वाहत नाही, पाण्यात डुंबत नाही, तो झुलतो. ज्यांनी हा शब्द प्रथम योजिला त्यांनी वाड्यांपुढे साखळदंडाने जखडलेले हत्ती प्रत्यक्ष पाहिले असले पाहिजेत. कारण बांधलेला हत्ती खरोखरच झुलतो. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर, सोंड डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे, असा त्याचा क्रम तासन्‌तास चालू राहतो. पाहणाऱ्यास वाटते की, जनावर मोठ्या आनंदात आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यास असेच वाटत आले, आणि म्हणून ते झुलणे संपत्तीचे चिन्ह होऊन बसले.

सर्कशीचा धंदा महाराष्ट्राला परका नाही. १८८० च्या सुमारास विष्णुपंत छत्रे ह्यांनी भारतीय सर्कस उभी केली, आणि त्यांच्यामागून आपल्या प्रांतातील अनेकांनी ही विद्या नावारूपास आणिली. आम्ही सात-आठ वर्षांचे असता तालुक्याच्या गावी अशीच एक सर्कस आली होती. वडिलांचे बोट धरून आम्ही ती पाहावयास गेलो. बाजाच्या तालावर हत्ती डुलताना पाहून आम्ही टाळ्या पिटल्या. खेळ संपल्यावर बाहेर पडताना तंबूच्या मागल्या अंगास तोच हत्ती खुंटास बांधलेला दिसला. बाजा केव्हाच थांबला होता, माणसे पांगली होती, तरी तो त्याच चालीवर डुलत होता. आम्ही विचारले, “दादा, वाजायचं थांबलं, तरी हा नाचतो कसा?” वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सवय झाली असेल रे त्याला.” त्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही, परंतु पुढे कित्येक वर्षे तो प्रश्न आम्ही विसरून गेलो.

तो पुन्हा आठवण्यास एक निमित्त घडले. गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यातील मंडळीस भेट देण्यास आम्ही गेलो असता संध्याकाळच्या उपासनेनंतर एका वृद्ध सभासदाच्या अंगणात बसलो होतो. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला हा मनुष्य. ओसरीच्या वाशाला एक पिंजरा टांगलेला होता व त्यात एक पोपट होता. तो दांडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, तेथे मान वळवी, परत येई, आणि पुन्हा जाई. आम्ही म्हणालो, “बाबा, ह्या पाखराला सोडून का देत नाही?” म्हातारबाबा हसले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, ह्याला बसल्या जागी डाळ मिळते, मिरची मिळते, पेरूची फोड मिळते. मांजराचं भ्या नाही, ससाण्याचं भ्या नाही. आमच्या जिंदगीत असं सुख आम्ही पाहिलं नाही. मग ह्याला ठेवलं तर त्यात पाप कोणतं, ते सांगा.”

आम्हांस त्या वेळी नीटसे उत्तर देता आले नाही. ज्याने उपास काढले आहेत त्याच्या तोंडून आलेला हा प्रश्न होता, आणि पोटभर जेवून आलेल्या मनुष्याने त्यास दयेवर व्याख्यान द्यावे हे शोभणारे नव्हते. अन्न, निवारा आणि शत्रूपासून रक्षण ही तीन ज्यास मिळाली, त्याचे आणखी काय देणे राहते? बाबांच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे, आणि आज जमेल तितके त्याचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहो.

प्रथम बंदिवासातील प्राणी काय करितात ते पाहू. हत्ती झुलतो. वाघ व अस्वल पिंजऱ्यात एकाच वाटेने येरझारा घालितात. इतक्या की, पाऊल दर खेपेस त्याच ठिकाणी पडते. तबेल्यात कोंडलेला घोडा गव्हाणीचे लाकूड दातांत धरून वारा ओढतो. एकट्या ठेवलेल्या पोपटांपैकी काही आपल्याच छातीची पिसे उपटून अंग उघडे करून घेतात. ह्या सर्व कृतींत एक साम्य आहे. त्या पुन्हा पुन्हा तशाच होतात, त्यांत फरक पडत नाही, आणि त्यांपासून काही साध्य होत नाही. रानातील हत्ती असा तासन्‌तास एका जागी उभा राहून झुलत नाही. हा रोग जडतो तो साखळीपाशी आणि गजांच्या आत.

असे का व्हावे? ऑक्सफर्ड येथील क्लब व मेसन ह्या दोन विदुषींनी अनेक जातींच्या मांसाहारी पशूंची माहिती एकत्र करून २००३ साली आपले अनुमान प्रसिद्ध केले. जो पशू रानात जितका दूरवर हिंडणारा, तितक्या त्याच्या बंदिवासातील येरझारा अधिक, आणि तितकी त्याची पिल्ले दगावण्याचे प्रमाणही अधिक, असे त्यांस आढळून आले. ध्रुवप्रदेशातील पांढऱ्या अस्वलास प्राणिसंग्रहालयात मिळणारी जागा ही त्याच्या रानातील लहानात लहान वावरक्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश असते, असा त्यांचा हिशेब आहे. त्या अस्वलास मांस मिळते, पाणी मिळते, औषधही मिळते. परंतु ज्या पायांनी मैलोगणती बर्फ तुडवावयाचा ते पाय त्याला कोणी काढून ठेवू दिलेले नाहीत. ते चालू पाहतात. आणि चालण्यास जागा नसल्यामुळे चार पावलांतच फिरत राहतात.

हत्तींविषयीची माहिती ह्याहून बोलकी आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींची तुलना ब्रह्मदेशातील लाकूड ओढणाऱ्या हत्तिणींशी करण्यात आली. पहिल्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे १९ वर्षे भरले आणि दुसऱ्यांचे सुमारे ४२. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ब्रह्मदेशातील त्या हत्तिणी स्वतंत्र नव्हत्या. त्या माणसाच्या ताब्यात होत्या, आणि दिवसभर त्यांस जड ओंडके ओढावे लागत. युरोपातील हत्तिणींस कष्ट नव्हते, खुराक हाताशी होता, वैद्य दाराशी होता. परंतु ब्रह्मदेशात काम संपल्यावर हत्तीस रानात सोडण्याची चाल आहे. तेथे तो स्वतः आपला चारा शोधितो, नदीत उतरतो, इतर हत्तींना भेटतो. बसल्या जागी खाणारी अर्ध्या आयुष्यात गेली आणि राबून रात्री रानात हिंडणारी जगली, ही गोष्ट बाबांच्या प्रश्नाच्या अगदी मर्मावर येऊन बसते.

‘बसल्या जागी मिळणे’ ह्याला आपण सुख समजतो, कारण आपल्यास ते क्वचित मिळते. प्राण्यास मात्र ते तसे वाटतेच असे नाही. १९६३ साली जेन्सन नामक संशोधकाने उंदरांवर एक साधा प्रयोग केला. पिंजऱ्यात एका बाजूस भांड्यात दाणे ठेविले होते, आणि दुसऱ्या बाजूस एक दांडी होती, ती दाबिली म्हणजे दाणा पडे. फुकटचे दाणे समोर असताही पुष्कळ उंदीर दांडी दाबून आपला दाणा मिळवीत राहिले. पुढे हेच अनेक जातींच्या पशुपक्ष्यांत, पोपटांतही, दिसून आले. ह्यावरून असे म्हणावे लागते की, जिवाला जशी अन्नाची भूक असते तशी करण्याचीही भूक असते. पोपटास डाळ दिली म्हणजे त्याची पहिली भूक भागते. फळे हुडकावी, साल सोलावी, थव्याबरोबर ओरडत संध्याकाळी झाडावर उतरावे, जोडीदाराच्या चोचीत घास द्यावा, ही दुसरी भूक वाटीत घालून देता येत नाही.

येथे एखादा विचारी वाचक आम्हांस अडवील आणि म्हणेल, “तुम्ही आपले मन पोपटाच्या ठायी कल्पून बोलता. पाखराच्या मनातले तुम्हांस काय ठाऊक?” ही हरकत खोटी नाही. ह्या बाबतीत मोठमोठ्या शहाण्यांचीही चूक झालेली आहे. पिंजऱ्यात कोंडलेल्या कोंबड्यांच्या स्थितीविषयी इंग्लंडात ओरड झाल्यावरून सरकारने नेमिलेल्या ब्रँबेल समितीने १९६५ साली आपला अहवाल दिला. प्रत्येक जनावरास निदान वळता यावे, उठता यावे, बसता यावे, अंग साफ करिता यावे आणि हातपाय ताणता यावे, हे तिने सांगितले ते फार चांगले केले. परंतु त्याच समितीने असेही सांगितले की, पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्‌कोनी जाळी घालू नये, कारण ती कोंबडीच्या पायांस बोचत असेल; जाड तार बरी. १९७३ साली ह्यूझ व ब्लॅक ह्या संशोधकांनी कोंबड्यांस दोन्ही जाळ्या मोकळ्या ठेवून पाहिले, तो कोंबड्या बारीक जाळीवरच जाऊन उभ्या राहिल्या! दया करणाऱ्यांनी कोंबडीस विचारिलेच नव्हते.

ह्या गोष्टीपासून आम्ही दोन धडे घेतो. एक हा की, केवळ आपल्या मनाच्या कळवळ्यावर भरवसा ठेवू नये. दुसरा हा की, प्राण्यास विचारण्याची रीत आहे, आणि त्याचे वागणे हेच त्याचे उत्तर असते. सर्कशीतील हत्तींस काही वेळ साखळीऐवजी कुंपणाच्या मोकळ्या जागेत ठेवून पाहिले, तेव्हा त्यांचे झुलणे पुष्कळ कमी झाले, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात नमूद आहे. हे हत्तीने दिलेले उत्तर होय. तथापि ते वाचताना घाई करू नये. एकदा जडलेली चाल स्थिती सुधारल्यावरही कधी कधी राहते, जसा बरा झालेल्या जखमेचा वण राहतो. उलट, ज्या पिंजऱ्यात एक प्राणी येरझारा घालीत आहे आणि दुसरा कोपऱ्यात निपचित बसला आहे, तेथे निपचित बसलेल्याची दशा अधिक वाईट असू शकते. जो ओरडत नाही तो सुखी आहे, असे समजण्याचे पाप आपण माणसांच्या बाबतीतही करितो.

आणि आता आम्ही ज्या मुद्द्यापाशी येऊन पोहोचलो तो आम्हांस लिहिण्यास कठीण वाटतो. ‘पोटाला मिळते ना? मग आणखी काय पाहिजे?’ हे वाक्य आम्ही प्रथम पोपटाविषयी ऐकिले नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी ते वाड्यांच्या दारांत उभे राहून ऐकिले आहे. कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या एका घरी राबणाऱ्या वेठबिगारास दोन वेळची भाकरी मिळत असे, वर्षाला एक धोतर मिळत असे, आणि त्याचा धनी लोकांस सांगत असे की, “ह्याला काय कमी आहे? बाहेर गेला तर उपाशी मरेल.” १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. ती बंद करणाऱ्यांनी भाकरी लहान होती की मोठी, हे मोजीत बसण्याचे कारण मानिले नाही. माणसाचे जाणे-येणे व त्याचे श्रम ह्यांवर दुसऱ्याने कुलूप घालावे हाच अन्याय, असे त्यांनी ठरविले.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. मनुष्य आणि पक्षी ह्यांची योग्यता एकच, असे आम्ही म्हणत नाही. आणि ज्यांच्या वडिलांस जनावराप्रमाणे वागविले गेले त्यांस आज जनावराच्या शेजारी नेऊन उभे करण्याचा आमचा हेतू खचित नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जो युक्तिवाद आपल्या वडिलांविरुद्ध वापरला गेला तेव्हा खोटा होता, तो आपल्या हातात आल्याने खरा होत नाही. ज्या बाबांनी आम्हांस प्रश्न विचारिला त्यांच्याइतके हे कोणास कळेल?

रानात ससाणा आहे, उपासमार आहे, हे बाबांचे म्हणणे खरे आहे. रान म्हणजे नंदनवन नव्हे. पण ससाण्याने मारिलेल्या पोपटाचा जबाब आपल्यास द्यावयाचा नाही. आपण कोंडलेल्या पोपटाचा द्यावयाचा आहे. ज्याने दुसऱ्याचे शेत आपल्या ताब्यात घेतले, त्याने त्या घरी रोज चार भाकऱ्या पाठविल्या म्हणून तो दाता ठरत नाही; तो देणेकरीच राहतो. तद्वत् ज्याने एखाद्या जिवाची मोकळीक घेतली, त्याने त्यास घातलेले अन्न हे दान नसून त्या देण्यातला पहिला हप्ता होय. त्या जिवाने स्वतः जे जे केले असते आणि आता आपल्यामुळे जे त्यास करिता येत नाही, ते सर्व त्या देण्यात मोडते.

ही कल्पना नवी नाही. मळणी करणाऱ्या बैलास मुसके घालू नये, असा मोशेच्या नियमशास्त्रात निर्बंध आहे तो आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्याने तो निर्बंध घातला त्याला बैलास संध्याकाळी वैरण मिळणार हे माहीत नव्हते काय? माहीत होते. तरीही, कणसे तुडविताना बैलाने मान खाली घालून एक घास घ्यावा, हे त्याचे सहज करणे त्याच्यापासून काढून घेऊ नये, असे तेथे सांगितले आहे. विसाव्याच्या दिवसाचा नियमही बैलास व गाढवास लागू केलेला आहे. जनावर बाळगण्यास तेथे मनाई नाही, हे मात्र ध्यानात ठेविले पाहिजे.

मग सर्वच बंदिवास वाईट काय? आम्हांस तसे वाटत नाही. गाय, बैल, कुत्रा, कोंबडी ही हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहत आली आहेत. त्यांस रानात हाकलून देणे ही दया नव्हे. कधी कधी बंदिवासच जातीला तारितो. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक ह्या औषधाने, मेलेल्या गुरांचे मांस खाणारी गिधाडे मरून आपल्या देशातून दिसेनाशी होऊ लागली. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद करण्यात आले, आणि हरियाणातील पिंजोर येथे गिधाडे मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांची वीण वाढविण्यात आली. २०२४ साली तेथील काही गिधाडे ताडोबा व पेंच येथे आणिली गेली. हा पिंजरा उघडण्यासाठीच बांधिलेला होता, म्हणून त्याचे समर्थन करिता येते.

जुन्नर भागातील आमच्या वाचकांस आणखी एक कठीण उदाहरण ठाऊक आहे. उसाच्या फडात बिबट्या राहतो, त्याच्यामुळे लेकरांचे जीव गेले आहेत, आणि ज्या आईचे मूल गेले तिच्यापुढे बिबट्याच्या हक्कांची भाषा कोणी करू नये. पकडलेल्या बिबट्यांस दूरच्या रानात नेऊन सोडावे तर तेथे माणसांवर हल्ले वाढतात, असे विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी ह्यांच्या अभ्यासात दिसून आले. म्हणून काही बिबटे माणिकडोह येथील केंद्रात जन्मभर राहतात. हा बंदिवास गरजेचा असेल. परंतु गरजेने घेतलेले कर्जही कर्जच असते. त्या बिबट्यास फिरण्यास जागा, चढण्यास लाकूड आणि लपण्यास आडोसा मिळाला पाहिजे, तो आपल्या निर्भयतेची किंमत भरीत आहे म्हणून.

आपला कायदाही ह्याच दिशेने चालत आला आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, जनावरास पुरेशी हालचाल करिता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे, तसेच त्यास गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणे, हा गुन्हा आहे. १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह ह्यांचे खेळ करण्यास सरकारने मनाई केली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेविली. आमच्या लहानपणी गावोगाव फिरणारा दरवेशी व त्याचे नाकात दोर ओवलेले अस्वल आता दिसत नाही, त्याचे कारण हेच. ह्या कामात एक गोष्ट विशेष स्तुत्य झाली. ज्या संस्थेने ही अस्वले सोडवून आणिली, तिने दरवेशी कुटुंबांस दुसरा धंदा करण्यास व मुलांस शाळेत घालण्यास साह्य केले. गरिबाची भाकरी काढून घेऊन अस्वलाची सुटका केली असती तर तो अर्धाच न्याय झाला असता.

इतके लिहून झाल्यावर आम्ही लेखणी खाली ठेवून सहज अंगणात आलो, आणि तेथे जे पाहिले ते वाचकांपासून लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाळकघराच्या राखणीसाठी आम्ही एक कुत्रा बाळगिला आहे. तो दिवसभर साखळीस असतो. ज्या लोखंडी खुंटास त्याची साखळी अडकविली आहे, त्याच्याभोवती जमिनीत एक वाटोळी चाकोरी पडली आहे. तेथे गवत उगवत नाही. ती चाकोरी आमच्या डोळ्यांसमोर निदान तीन वर्षे होती. आम्ही त्यास दोन वेळ भाकरी घालितो, आणि आपला कुत्रा सुखी आहे असे समजतो. ज्या १९६० च्या कायद्याचा आम्ही वर उल्लेख केला, त्यातच, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास मालकाने फिरवून आणिले पाहिजे, असे कलम आहे. बाबांच्या पोपटाविषयी लेख लिहिण्यास बसलेल्या मनुष्याच्या दारातच हत्ती झुलत होता! त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तो आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत येतो, आणि रात्री मोकळा असतो. पहिले काही दिवस सोडल्यावरही तो त्या वाटोळ्या वाटेनेच फिरत असे.

आता आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस चार शब्द. होळीच्या सुमारास मुले झाडांच्या ढोलींतून पोपटाची पिल्ले काढितात आणि बाजारात ती विकावयासही येतात. ती काढू नका व घेऊ नका. आपल्या देशातील पोपट धरणे व पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पुष्कळांस ठाऊकच नसते. ज्यांच्या घरी आधीच पोपट आहे त्यांनी उतावळेपणाने पिंजऱ्याचे दार उघडून टाकू नये. लहानपणापासून हातावर वाढलेल्या पाखरास दाणा शोधणे व शत्रू ओळखणे येत नाही. ते पहिल्याच दिवशी मांजराच्या तोंडी जाते. त्याने आपली सुटका होईल, त्याची होणार नाही. जवळच्या वनखात्याच्या कचेरीत चौकशी करून त्यांच्या सल्ल्याने करावे.

गोठ्यातील गुरांविषयी इतकेच की, रात्री कंदील घेऊन शेवटची फेरी मारिताना वैरण व पाणी पाहतोच, तेव्हा आणखी तीन गोष्टी पाहाव्या. दाव्याला बांधलेल्या जनावरास नीट बसता-उठता येते काय? त्यास आपले अंग चाटता येते काय? दिवसातून निदान काही वेळ ते मोकळे हिंडले काय? ज्यांनी कोंबड्यांचा धंदा धरिला आहे त्यांनी आपल्या पिंजऱ्यापुढे उभे राहून एवढेच पाहावे की, कोंबडीस पंख पसरता येतात की नाही. धंद्यात नफा थोडा असतो आणि कर्ज डोक्यावर असते, हे आम्ही जाणतो. जे एकट्याच्या हातात नाही त्याचा दोष एकट्यास देता येत नाही. परंतु जागा किती द्यावी ह्याचा निर्णय अंशतः तरी आपल्या हातात असतो, आणि जितका तो आपल्या हातात आहे तितका जबाबही आपलाच आहे.

बाबांकडे आम्ही पुन्हा गेलो आणि जे येथे लिहिले ते थोडक्यात त्यांस सांगितले. ते पुष्कळ वेळ पोपटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माझा बापही सालभर वाड्यावरच असायचा. सणालासुद्धा घरी यायचा नाही. आम्ही म्हणायचो, तो तिकडं पोटभर खातो.” आम्ही काही बोललो नाही. पिंजरा अद्याप ओसरीवर आहे. तो पोपट म्हातारा झाला आहे व त्यास उडता येत नाही, असे पाहिल्यावर समजले. मात्र बाबांनी नातवाकडून त्यात पेरूची पानांसकट फांदी घालविली आहे, आणि शेंगा सोललेल्या न देता सालीसकट देतात. आम्ही निघालो तेव्हा तो पोपट दांडीवर येरझारा घालीत नव्हता. एका पायात शेंग धरून तो ती मोठ्या नेटाने सोलीत बसला होता.